चौथी तार

दिनांक पाच जून दोन हजार अठरा, मंगळवार. रक्कम रुपये दहा हजार, अनामत म्हणून. भाडं दरमहा अडीच हजार, वीज वेगळी. ठिकाण पेण, रामवाडीतलं आमचं घर, वरच्या मजल्यावरची खोली. हजर माणसं तीन : मी, माझी बायको आणि ते. पावती मी लिहिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि 'वीज वेगळी' या शब्दांवर बोट ठेवून म्हणाले, "मालक, माझी एक वस्तू चोवीस तास चालू असते. किती वीज खाते ते मी काढून आणलंय. महिन्याला दोन युनिटच्या आत."

वस्तू त्यांच्या मांडीवरच होती. पोळ्यांच्या डब्याएवढा एक पत्र्याचा डबा, त्याला मोटरसायकलची बॅटरी दोरीने बांधलेली, आणि वरच्या काचेत हिरवे आकडे. सामान मागून टेम्पोने येणार होतं, पण हा डबा त्यांनी रोह्याहून गाडीत असाच मांडीवर आणला होता. बायकोने विचारलं, "काका, ह्यात काय आहे?"

"बेल," ते म्हणाले.

त्या दिवसापासून आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. ते मला शेवटपर्यंत मालक म्हणाले. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहितो. कुणाचाच मालक नाही. तसं मी त्यांना सांगितलंही होतं. "भाडं घेता ना? मग मालक," एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. गेल्या वर्षी ते गेले. खोली अजून मी कुणाला दिलेली नाही.

रोह्याच्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं मापन विभागात होते. तिथल्या टाक्यांचा दाब, भट्ट्यांचं तापमान, पाइपांतला प्रवाह, हे सगळं दाखवणारी यंत्रं बरोबर दाखवतात की नाही, हे बघणं त्यांचं काम. निवृत्त झाले आणि कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं. मूलबाळ नव्हतं. बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. पेणच का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "रोह्यात राहवत नाय. रोह्यापासून लांब जाववत नाय. पेणला गाडी थेट हाय."

डब्याची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. ती अशी. काका शिफ्टला गेले की काकी क्वार्टरमध्ये एकट्या. एकदा त्या म्हणाल्या, दिवसभर या घराकडे कोणी फिरकत नाही. दुसरा नवरा असता तर गप्प बसला असता किंवा भांडला असता. काकांनी विचारलं, दिवसभर म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? आणि कोणी नाही म्हणजे नक्की किती? मग दोन हजार चार साली त्यांनी हा डबा बनवला. दारावरची बेल दाबली की बेल वाजायची आणि डबा त्या क्षणाची तारीख आणि वेळ आपल्या आत टिपून ठेवायचा. काचेत डावीकडे आजचा आकडा, उजवीकडे एकूण. पूर्ण यादी मात्र आत. ती बाहेर काढायला कॉम्प्युटर लागायचा. महिनाअखेरीस काका डबा कंपनीत न्यायचे, तिथल्या कॉम्प्युटरला जोडायचे आणि यादी वहीत उतरवून घ्यायचे, आणि काकींना विचारून प्रत्येक वेळेपुढे आलेल्याचं नाव लिहायचे.

"पहिल्या महिन्यात सत्तावीस वेळा बेल वाजली," त्यांनी मला सांगितलं. "त्यातल्या चौदा माझ्या."

"म्हणजे तेरा."

"तेरा. म्हणजे तिचं बरोबर होतं, मालक. फक्त तिला आकडा माहीत नव्हता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"तिला आकडा सांगितला."

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलाही भाव नव्हता. मलाही त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. मी घरी आकडे सांगणाराच माणूस आहे. जिन्यात उभी राहून ऐकणारी माझी बायको मात्र खाली आल्यावर म्हणाली, "बिचारी काकी!"

आमच्याकडे आल्या आल्या त्यांनी जिन्याच्या पायथ्याशी बेलचं बटण बसवलं आणि खोलीच्या दारावर कागद लावला. अक्षर छापील वाटावं असं. 'मी आत आहे. बेल वाजवा. हाक मारू नका.' हाक डब्यात जात नाही, हे त्याचं कारण. एकदा घाईत मी खालूनच हाक मारली तर वरून आवाज आला, "मालक, परत या."

पहिल्या वर्षाची बेरीज एकसष्ट. त्यातल्या चाळीस बेली माझ्या बायकोच्या. कधी वाटीभर आमटी, कधी पोह्याचे पापड, कधी नुसतं ताक. आकडा कळल्यावर तिने एकदा मुद्दाम दोनदा बटण दाबलं. काका दारात आले, वाटी घेतली आणि म्हणाले, "वहिनी, दुसरा दाब धरत नाय मी. मनुष्य एकच आलाय."

"मग मी खाली जाऊन परत येऊ?" बायकोने विचारलं.

"काम असेल तर या."

ती खरंच खाली गेली, लोणचं घेतलं आणि पुन्हा बेल वाजवून वर गेली. त्या दिवशी डावीकडचा आकडा दोन झाला. दोनचा आकडा त्या महिन्यात तेवढा एकदाच दिसला.

सकाळी चहाआधी ते आपला मीटर नव्या सेलला लावून बघायचे. दीड व्होल्ट दाखवला की मगच दिवस सुरू. "आधी माप तपासायचं, मग वस्तू." चहात साखर सपाट चमच्याने, वरचा ढीग सुरीने कापून. वीज गेली की गॅलरीत येऊन वेळ मोठ्याने सांगायचे, आली की पुन्हा. गल्लीतल्या लोकांना सुरुवातीला हसू यायचं. नंतर बिलाची तक्रार करायची असली की लोक त्यांच्याकडूनच तारखा घेऊन जायला लागले. बेल वाजवून, अर्थातच.

वडखळला एका वजनकाट्याच्या मालकाने त्यांना बोलावलं होतं. काटा रोज कमी वजन दाखवतोय, गिऱ्हाइकांशी भांडणं होतात, अशी तक्रार. मी सोबत गेलो होतो. काकांनी काटा उघडलाच नाही. अर्धा तास बाजूला उभे राहून ट्रक बघितले. मग मालकाला म्हणाले, "काटा बरोबर हाय. तुमच्या गाड्यांचं मागचं एक चाक फळीच्या बाहेर ऱ्हातं. फळी लांब करा." तो पैसे द्यायला लागला. काकांनी घेतले नाहीत. म्हणाले, काहीच दुरुस्त केलं नाही तर पैसे कसले? येताना रिक्षाचे पैसे मात्र निम्मे निम्मे.

लॉकडाऊनमध्ये बायको त्यांचं ताट जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवायची आणि मागे सरकायची. कुणी कुठल्या बटणाला हात लावायचा नाही असे ते दिवस होते. काका वरून बघत असायचे, ती गेली की उतरायचे. त्या काळात डावीकडे सलग एकोणऐंशी दिवस शून्य होतं. मला त्यांनी वही दाखवली. शून्यांचा एक अख्खा रकाना, प्रत्येक शून्य सारख्या आकाराचं.

त्यानंतरच्या दिवाळीत माझ्या बायकोने त्यांना सरळ विचारलं. ती विचारते, मी विचारलं नसतं. "काका, काकी गेल्या तेव्हा घरात कोणी होतं का हो?"

काकांच्या हातात करंजी होती. ती त्यांनी परत ताटलीत ठेवली.

"मी शिफ्टला होतो. चार वाजता आलो. बेल वाजवली. दार उघडलं नाय. किल्ली होती माझ्याकडे. स्वयंपाकघरात पडली होती. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीचला गेली असणार."

"आणि त्याआधी? दिवसभरात कोणी आलं होतं का त्यांच्याकडे?"

"ते डब्यात हाय."

"म्हणजे तुम्ही बघितलंच नाही?"

त्या महिन्याची यादी त्यांनी काढलीच नव्हती. आधीच्या सगळ्या महिन्यांच्या वह्या होत्या, तो एक महिना नव्हता. आधी धीर झाला नाही. मग कंपनीने जुने कॉम्प्युटर काढून टाकले. मग ते निवृत्त झाले. आणि आता इच्छा झाली तर डब्याला जोडता येईल असा कॉम्प्युटरच कुठे उरला नव्हता. जुन्या नऊ टाचण्यांच्या सॉकेटचा जमाना संपला होता. सगळीकडे यूएसबी. त्या दिवशी ते इतकंच म्हणाले, "तिचं शेवटचं भांडण, कोणी फिरकत नाय हे, तेवढं तपासायचं राहिलंय. त्या दिवशी तरी कोणी आलं होतं का, एवढंच बघायचंय."

त्यानंतर त्यांना दुसरं काही सुचेना. मी त्यांना आमच्या ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेलं. त्याने डब्यात डोकावून पाहिलं आणि हसला. "काका, हा मायक्रोकंट्रोलर म्हणजे आजोबांच्या काळातला. काढून टाका. नव्या चिपमध्ये यूएसबी आतच असतं. दीडशे रुपयांत काम होईल."

"आणि ह्याच्या पोटात जे हाय ते?"

"ते जाणार."

काकांनी डब्याचं झाकण लावलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "याला म्हाताऱ्याला काढून नवा आणा म्हणतो. नव्याला काय माहीत, कोण आलं होतं?"

मग गच्चीत बसून त्यांनी मला सगळं समजावलं, आणि मला ते समजलं, म्हणून इथे लिहू शकतो. त्यांचा जुना मायक्रोकंट्रोलर म्हणजे डब्याचं डोकं. त्याला दोनच गोष्टी येतात : एका तारेवर बोलायचं, दुसऱ्या तारेवर ऐकायचं. "आणि यूएसबी म्हणजे कचेरी, मालक. आत गेलं की पहिलं नाव सांगा, गाव सांगा, किती वीज खाणार ते सांगा. मग नंबर मिळणार. मग विचारतील तेव्हाच बोलायचं. ह्या गड्याला ते जन्मात जमणार नाय. आणि ह्या वयात त्याला शिकवायचं पण नाय. मध्ये दुभाषी बसवायचा."

दुभाषी म्हणजे एक वेगळी चिप. कॉम्प्युटरच्या बाजूला ती यूएसबीची सगळी कागदपत्रं सांभाळते, आणि डब्याच्या बाजूला साधं बोलते, साधं ऐकते. दोघांनाही आपली भाषा सोडावी लागत नाही. जोडायच्या तारा तीनच. डब्याचं तोंड दुभाष्याच्या कानाला, दुभाष्याचं तोंड डब्याच्या कानाला, आणि तिसरी दोघांची मिळून जमीन, म्हणजे ग्राउंड. "नवशिके तोंडाला तोंड जोडतात," काका म्हणाले. "मग दोघं पण बोलतात आणि कोणच ऐकत नाय."

तयार केबल बाजारात मिळते, हे मी त्यांना सांगून पाहिलं. त्यांना ती नको होती, कारण आत काय आहे ते दिसत नाही. त्यांनी मुंबईहून तीन चिपा मागवल्या. एक शिकायला, एक चुकायला, एक कामाला. चिप नखाएवढी, पाय अठ्ठावीस, दोन पायांमधलं अंतर कागदाच्या पाच-सहा पानांच्या जाडीएवढं. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता आणि हात थरथरायचा. ते डाग द्यायला, म्हणजे सोल्डरिंगला, बसले आणि पहिली चिप पहिल्या संध्याकाळी गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी डागणी माझ्या हातात दिली.

"मालक, तुमचा हात स्थिर हाय. तुमच्या पावतीत एक मात्रा कधी हलत नाय. मी सांगतो, तुम्ही करा."

दुसरी चिप माझ्याकडून गेली. ते म्हणाले, ती त्यासाठीच होती. तिसरीला मी तीन रविवार घेतले. भिंग दिव्याला बांधलं, श्वास धरला, एकेक पाय. बायको खालून ओरडायची, "अहो, जेवायला येताय की त्या चिपेशी लग्न लावताय?" काका माझ्या मागे बसून नुसते ऐकत असायचे. डाग नीट बसला की कथील वितळल्याचा बारीक आवाज येतो, तो ते कानाने तपासायचे. सगळे पाय झाले तेव्हा मी दोनदा मोजले, अठ्ठावीस. मला फार समाधान वाटलं. एवढं बारीक काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

आता मी केलं ते सांगतो.

डब्याच्या आतल्या सॉकेटला भोकं चार होती. काकांच्या कागदावर तारा तीन होत्या. मी सवयीने पतसंस्थेच्या कॉम्प्युटरवर अशा जोडणीचं चित्र शोधून छापून घेतलं, पडताळणीसाठी. त्यात तारा चार होत्या. चिपेच्या एका पायापासून निघून चौथ्या भोकात जाणारी. काकांना दिसत नाही, चौथं भोक त्यांच्या नजरेतून सुटलं असणार, असं मी धरलं. मला रिकामा रकाना सहन होत नाही. त्यांना विचारायला वर जायचं म्हणजे बेल वाजवायची, आणि ते दुपारचे झोपले होते. मी चौथी तार जोडली.

रविवारी सकाळी डबा माझ्या लॅपटॉपला जोडला. हजर आम्ही तिघेच. लॅपटॉपने टुंग असा आवाज केला. दुभाष्याला ओळख मिळाली. काका चक्क टाळी वाजवून म्हणाले, "बसला! कचेरीत बसला!" वही उघडून, पेन हातात घेऊन ते तयार झाले. म्हणाले, "आता दार उघडा." म्हणजे कॉम्प्युटरवरून त्याच्याशी बोलणं सुरू करा. मी बटण दाबलं.

काचेतले हिरवे आकडे विझले. मग पुन्हा लागले. डावीकडे शून्य. उजवीकडे चार शून्यं.

बायको म्हणाली, "काय झालं?" काकांनी तारांवरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन. चौथ्या तारेवर बोट थांबलं.

"ही कोणी जोडली?"

"मी."

"का?"

"चित्रात होती."

"चित्र बरोबर हाय," ते म्हणाले. "पण ते दुसऱ्या कामाचं." त्या तारेने कॉम्प्युटर डब्याला झोपेतून उठवतो; ती नवा प्रोग्रॅम भरताना लागते. बोलणं सुरू करताच कॉम्प्युटरने डब्याला नव्याने सुरू केलं. आणि सुरू झालं की पाटी कोरी करायची, असं खुद्द काकांनीच त्याला दोन हजार चारमध्ये शिकवलं होतं. "तेव्हा वाटलं नव्हतं काय जपायचं असेल म्हणून." म्हणूनच तर सतरा वर्षं त्यांनी डबा एकदाही बंद पडू दिला नव्हता.

त्यांनी वहीत तारीख आणि वेळ लिहिली, खाली लिहिलं : 'नोंद संपली. कारण : चौथी तार.' माझं नाव लिहिलं नाही. लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

त्याच दुपारी त्यांनी जिन्याजवळचं बटण काढलं, दारावरचा कागद काढला. अकरा दिवस ते खाली आले नाहीत. ताट आत घ्यायचे, रिकामं बाहेर ठेवायचे. बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. एकदा म्हणाली, "एवढं मोजून मोजून शेवटी काय केलंत?"

जे डब्यातून गेलं ते माणसांकडून मिळेल का बघावं, असं ठरवून मी रोह्याला जायला लागलो. दर रविवारी, सकाळच्या गाडीने. जुन्या वह्यांतून मी सोळा नावं काढली होती. गॅसवाला, पोस्टमन, क्वार्टरमधल्या बायका. प्रत्येकाला एकच प्रश्न : सहा वर्षांपूर्वी काकी गेल्या त्या दिवशी तुम्ही त्यांच्याकडे गेला होतात का? कोणी आठवत नाही म्हणालं, कोणी सरळ नाही म्हणालं. पंधरा नावांवर मी काट मारली.

सोळावी शेजारीण. दार उघडून तिने मला आत बसवलं, सरबत दिलं, आणि प्रश्न ऐकून हसलीच. "त्यांची बेल? अहो, त्यांची बेल वाजवायला भीती वाटायची आम्हाला! महिना संपला की भाऊ, त्यांचे यजमान, यादी घेऊन यायचे. बारा तारखेला चार दहाला तुम्ही आला होतात, काय काम होतं? आता मी काय सांगू, कोथिंबीर मागायला गेले होते? मग आम्ही जाणंच कमी केलं."

"म्हणजे त्या खरंच एकट्या असायच्या."

"पुढच्या बाजूने म्हणाल तर हो," ती म्हणाली. "मागच्या ओट्यावर कातकरी वाडीवरची एक बाई येऊन बसायची. सोमी. चिंबोऱ्या विकायची. दोघींचं हसणं माझ्या न्हाणीघरात ऐकू यायचं. बाजारात बसते ती अजून. तिला विचारा."

मी एकट्याने विचारायचं नाही असं ठरवलं. पेणला आलो, वर गेलो, दारावर हाताने थाप मारली आणि काकांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मागच्या दाराला?" एवढंच. पुढच्या रविवारी आम्ही दोघं गाडीत बसलो. त्यांनी स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातला होता. नागोठणं गेल्यावर म्हणाले, "मालक, ती त्या दिवशी आली नसंल तर नसंल. तुम्ही तिला उत्तर शिकवू नका."

सोमीबाई मासळी बाजाराच्या टोकाला बसली होती. पुढ्यात खेकड्यांची टोपली, चिंबोऱ्यांच्या नांग्या गवताने बांधलेल्या. पन्नाशीची असेल. तिने काकांकडे बघितलं.

"ह्ये बेलवाले सायब नव्हं?"

काकांनी मान हलवली. मी विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, "ती गेली त्या दिवशी तू आली होतीस?"

"व्हय. आलती ना. दुपारची. दोन वाटं घेतलं बायनं."

"चिंबोऱ्या?"

"मंग काय! न्हाणीत बादलीत सोडल्या माज्याच म्होरं."

काका खाली उकिडवे बसले. गुडघ्यांचं त्यांना दुखणं होतं, तरी बसले. "बादलीत होत्या," ते मला म्हणाले. "जिवंत होत्या. मी परत आलो तेव्हा खडखडत होत्या. मी धरलं आदल्या दिवशीच्या. आदल्या दिवशी पण कोण आलं होतं, हे मी विचारलं नाय." मग तिला विचारलं, "बेल का नाय वाजवलीस?"

"मागल्या दाराला बेल कुटं हाय?" ती म्हणाली. "आमी पुढल्या दारी जात नाय सायब. पुढल्या दारी गेलं का लोक वरडतात, मागून ये म्हनून. आमी मागून हाक मारतो, बायगो, चिंबोरी. आन् तुमच्या बायनं तर मला सांगूनच ठेवलेलं. सोमी, बेलला हात लावू नको गो. पुढलं दार सायबाच्या हिशोबात हाय. मागलं माजं."

शेजारची कोळीण मासा कापायचं थांबवून ऐकत होती.

"किती वेळ बसलीस त्या दिवशी?"

"घड्याळ कुटं हाय मला? च्या झाला, दोनदा झाला. हसत व्हती ती."

"कशाला?"

सोमीबाईने पदराने तोंड पुसलं. "तुमालाच हसत व्हती. रागावू नका. म्हनली, आता सायब येतील, बेल वाजवतील आन् सोताच्या घरात पावना आला म्हनून सोतालाच लिवून ठेवतील."

काकांच्या घशातून एक आवाज निघाला. मला आधी वाटलं त्यांना ठसका लागला. ते हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. सोमीबाई माझ्याकडे बघायला लागली. मी मान फिरवली.

मग ते म्हणाले, "पैसे दिले होते का तिने?"

"नाय. पाचशेची नोट व्हती, सुट्टं नव्हतं. म्हनली उद्या ने. उद्याला आली तर दारात मानसं. मी मागल्या मागं गेली."

"किती होते?"

"जाऊ द्या ना, सायब."

"किती?"

"ऐंशी. चाळिसाचा वाटा व्हता तवा."

आता वाटा दोनशेला होता. आजच्या भावाने द्यावेत, असं मी हळूच सुचवलं. काकांनी मान हलवली. "तिचे ऐंशीच," ते म्हणाले. पाकिटातून त्यांनी एक पन्नासची, एक वीसची आणि एक दहाची नोट काढली. दिले रुपये ऐंशी फक्त, सोमीबाई यांना, मासळी बाजार, रोहा. तिने ते मोजले नाहीत, कमरेच्या पिशवीत टाकले.